सासूबाईंची चूल, देशाचा धूर

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण कचेरीत त्याला सगळे ‘दशांश’ म्हणत. तोंडावर ‘दशांशकाका’, पाठीमागे नुसतंच ‘दशांश’. कुणी म्हणालं, "काका, दहा-बारा माणसं येऊन गेली," की हा मान वर न करता विचारणार, "दहा की बारा?" असल्या माणसाला लोक एकतर डोक्यावर घेतात, नाहीतर कोपऱ्यात बसवतात. कचेरीनं त्याला झेरॉक्स मशीनच्या शेजारी कोपऱ्यात बसवलं होतं आणि तिथे बसून त्यानं एकोणतीस वर्षं देशाचा धूर मोजला.

मोजला म्हणजे लिहिला. वर्षातून एकदा त्याच्या टेबलावरून एक तक्ता बाहेर पडे. देशाच्या हवेत कुणी किती धूर सोडला, त्याचा. पहिली ओळ वीजकेंद्रांची, दुसरी कारखान्यांची, मग गाड्या, मग शेती, पाचवी ओळ घरांची आणि शेवटची ‘इतर’. त्या ‘इतर’मध्ये नेमकं काय असतं, हे विचारायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. तक्त्यावरून रंगीत आलेख निघे आणि साहेब तो घेऊन मोठ्या सभांना जात.

हे आकडे येतात कुठून, हे दशांशला ठाऊक होतं, म्हणूनच त्याच्या मनात कुणाबद्दल आदर म्हणून उरला नव्हता. कारखाने आपापला धूर आपणच मोजून कळवत, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. एका सिमेंटवाल्याचं पत्र दरवर्षी त्याच मजकुराचं येई, फक्त आकडा गेल्या वर्षीपेक्षा बरोबर तीन टक्क्यांनी कमी. एकदा तर लेकाचा तारीख बदलायलाही विसरला होता. जुन्या गाड्या कागदावर भंगारात निघत आणि कचेरीच्या फाटकासमोर त्याच गाड्या काळा धूर ओकत उभ्या असत. शेतीखात्यातला माणूस फोनवर सरळ विचारे, "तुम्हाला किती हवाय?" दशांश नाक मुरडत सगळं उतरवून घेई, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. खोटं असलं तरी नीटनेटकं असावं, हा त्याचा बाणा.

घरांची ओळ मात्र अस्सल, असं तो छातीठोक सांगे. "त्या ओळीत ऐकीव काही नाही. मी स्वतः मोजलंय." आणि खरोखरच त्यानं स्वतः मोजलं होतं.

झालं होतं असं. तो नवा नवा नोकरीला लागला तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "एका घरात रोज लाकूड किती जळतं?" सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. दशांशच्या स्वतःच्या घरी गॅस होता. सगळ्या गोतावळ्यात चूल उरली होती ती एकट्या सासूबाईंची. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत लोखंडी चूल, तिचं धुराडं खिडकीतून बाहेर काढलेलं. बायको त्या दिवसांत आईकडेच होती. दशांशनं रद्दीवाल्याचा काटा मागून आणला, सात दिवस चुलीशेजारी ठाण मांडलं आणि आत जाणारं एकेक लाकूड तोललं. सात दिवसांचं बत्तीस किलो दोनशे ग्रॅम झालं. सातानं भागून आले रोजचे चार पूर्णांक साठ. मग देशातल्या चुलींच्या संख्येनं गुणलं की झाला घरांचा धूर. सभेत एकानं शंका काढली, की सगळी घरं सारखी कशी? दशांश म्हणाला, "घरोघरी मातीच्या चुली." सगळे हसले आणि आकडा मंजूर झाला. सरकारी कामात म्हण पुरावा म्हणून चालल्याचं दुसरं उदाहरण निदान त्या इमारतीत तरी नाही.

पुढे तो आकडा आरोग्यखात्यानं घेतला, मग वनखात्यानं, मग कुणा प्राध्यापकानं जाडजूड पुस्तकात छापला. काही वर्षांनी आकड्याला आधार दाखवायची वेळ आली तेव्हा दशांशनं त्याच पुस्तकाचं पान दाखवलं. आपलंच पोर शेजाऱ्याकडून दत्तक घ्यावं, तसा प्रकार. नंतर नंतर घरोघर जाऊन पाहणी होऊ लागली. फॉर्म येत त्यात एक किलो, दीड किलो, फार तर दोन. दशांश ते बघून तुच्छतेनं हसे. "लोक खोटं बोलतात. आणि या पाहणीवाल्या बायका झाडाखाली बसून फॉर्म भरतात." त्यानं कॉम्प्युटरला अट घालून ठेवली, की चार किलोच्या खालचा आकडा घ्यायचाच नाही. त्यानंतर फॉर्म शहाण्यासारखे येऊ लागले.

याचा परिणाम असा, की कारखाने, गाड्या, वीजकेंद्रं यांच्या रेघा कागदावर वर्षानुवर्षं उतरत गेल्या आणि घरांची तेवढी चढत राहिली, कारण घरं वाढत होती आणि चार पूर्णांक साठ जागचं हलत नव्हतं. यंदा ती लाल रेघ सगळ्यांच्या वर गेली. साहेबांना हवं तेच झालं. हे दशांशच्या कारकिर्दीतले सातवे साहेब, आधीच्या सहांपेक्षा फक्त बुटांना जास्त पॉलिश. त्यांनी जाहीर केलं, की देशाची हवा बिघडवली ती घरातल्या चुलीनं. कारखानदारांचे फोन येतात, वीजकेंद्रांना मंत्री असतो, चुलीच्या मागे कोण असतं? चोर सोडून संन्याशाला फाशी. थंडीच्या आत शहरातल्या चुली उचलायच्या आणि बदल्यात विजेच्या हीटरचं कूपन द्यायचं, असा प्रस्ताव तयार झाला. निर्णय पुढच्या गुरुवारच्या सभेत होणार होता. हीटरची वीज कोळशावरच तयार होणार, म्हणजे धूर पाचव्या ओळीतून पहिल्या ओळीत जाणार आणि पहिली ओळ तर उतरतीच होती, त्यामुळे तिथे तो कुणाला दिसणार नव्हता. दशांशला हे कळत होतं. पण आपल्या आकड्याची एवढी दखल कधी कुणी घेतली नव्हती, म्हणून तो आठवडाभर ताठ मानेनं फिरला.

चुली उचलायच्या गल्ल्यांची यादी त्यानं घरी आणली. बायकोनं ती वाचली.

"अहो, पहिल्याच पानावर आईची गल्ली आहे."

"असेल."

"असेल काय? ऐंशी पार केलीय तिनं. त्या भागात दुपारी चार-चार तास वीज नसते. हीटर काय डोक्यावर घेऊन बसेल?"

"हा देशाचा प्रश्न आहे."

"मग देशाला म्हणावं, ये आणि माझ्या आईचे पाय शेकून दे."

रविवारी तो सासूबाईंना समजावायला गेला. म्हातारी एकटी राहायची. कानानं तल्लख आणि जिभेनं त्याहून. चुलीत दोन ढलप्या जळत होत्या आणि ती पाय जवळ घेऊन बसली होती. त्यानं वीजकेंद्रापासून सुरुवात करून चार पूर्णांक साठपर्यंत सगळं सांगितलं.

"साडेचार किलो? रोज?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, माझं सरपण बघितलंत का? एवढं जाळलं तर मी महिन्यात दारं-खिडक्या जाळायला घेईन."

"मी स्वतः मोजलंय, आई. इथेच बसून."

"कधी?"

त्यानं साल सांगितलं, महिना सांगितला. सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की साहेबांनीही कधी बघितलं नसेल.

"अहो, तुमची लेक आठ दिवसांची होती तेव्हा! बाहेर पाणी गोठत होतं. दिवसभर पाणी तापत होतं, दुपटी वाळत होती, मी रात्रंदिवस चूल विझू दिली नाही. आणि तुम्ही इथे काटा घेऊन बसला होतात. त्या आठवड्यात पोरीला एकदा तरी उचललंत? लाकूड मात्र एकूण एक उचललंत."

दशांशनं मनातल्या मनात गुणाकार केला. म्हणजे एकोणतीस वर्षं त्याच्या तक्त्यात देशातल्या प्रत्येक घरात आठ दिवसांचं तान्हं मूल होतं आणि प्रत्येक घरात त्याच्यासाठी पाणी तापत होतं. लाज त्याला वाटली, नाही असं नाही. आपण चुकलो आणि म्हातारीची ऊब आपल्यामुळे जाणार, हे त्याला लख्ख कळलं.

दुसरा कुणी असता तर सोमवारी साहेबांसमोर उभा राहून म्हणाला असता, "आकडा सुमारे तिप्पट आहे, सभा थांबवा." पण ‘सुमारे’ हा शब्द दशांशच्या तोंडून उभ्या जन्मात बाहेर पडला नव्हता. त्यानं रजा टाकली, रद्दीवाल्याचा काटा पुन्हा मागून आणला आणि पुन्हा चुलीशेजारी ठाण मांडलं.

"गुरुवारी सभा आहे ना?" बायकोनं विचारलं.

"मग अर्धवट आकडा घेऊन जाऊ?"

गुरुवारी सभा झाली, निर्णय झाला, टाळ्या झाल्या. हा तेव्हा एक चिरफळी तोलत होता. सात दिवसांचं दहा किलो सहाशे चाळीस ग्रॅम झालं. रोजचं एक पूर्णांक बावन्न. तो कागद घेऊन दशांश साहेबांच्या खोलीत गेला.

"म्हणजे चुकलं?" साहेबांनी विचारलं.

"एकोणतीस वर्षं चुकलं, साहेब. नियमाप्रमाणे मागची सगळी वर्षं पुन्हा मांडावी लागतील. घरांची रेघ खाली येईल."

"आणि वर कोण राहील?"

"कारखाने."

साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला. "काका, आकडा चुकलाय, पण मोठा चुकलाय हे नशीब समजा. एक चूल उचलली की रोज चार-साठ वाचले. तुमच्या दीडनं काय वाचणार?"

"एक-बावन्न."

"तेच ते. शिवाय मोजणी तुमची, सही तुमची. निवृत्तीला चार महिने राहिलेत ना? द्या लेखी. मी पुढे पाठवतो."

दशांश कोपऱ्यात येऊन बसला. लेखी देण्यासाठी त्यानं पेन उघडलं, तारीख घातली आणि पेन बंद केलं. कागद खणात गेला. उभं आयुष्य साऱ्या जगाकडे बघून नाक मुरडणारा माणूस मूग गिळून बसला. सिमेंटवाला याच्यापेक्षा बरा म्हणायचा. त्यानं कधी स्वतःला खरा म्हणवून घेतलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी चूल उचलायला माणसं येणार होती. बायको म्हणाली, "तुम्हीच जा. तुमचा आकडा आहे." सासूबाई शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी सकाळी दोन ढलप्या जाळून राख काढली होती आणि चूल लख्ख पुसून ठेवली होती. टॅबलेट घेतलेली एक बाई आली, तिच्याबरोबर एकच हमाल. दुसरा आलाच नव्हता.

"आजी, रोज लाकूड किती लागायचं?"

"एक किलो बावन्न. आमच्या जावयानं मोजलंय."

बाईनं आकडा घातला. टॅबलेट ‘टूं’ करून ओरडला. तिनं पुन्हा घातला. पुन्हा ‘टूं’.

"घेत नाही, आजी. चारच्या खाली घेतच नाही."

"पण खरं तेच आहे ना, बाई."

"मला काय माहीत नाही का? सगळ्या घरांत हेच सांगतात. दीड, दीड, दीड. अकरा वर्षं झाली ऐकतेय. पहिल्या वर्षी तर आम्ही खरं तेच लिहून पाठवलं होतं, तर आम्हालाच कामचुकार ठरवलं. मग वरती कुणा दीडशहाण्यानं ही अट घालून ठेवली." तिनं चार, टिंब, साठ अशी बोटं आपटली आणि टॅबलेट गप्प झाला.

दशांश खिडकीतल्या धुराड्याकडे बघत उभा होता. सासूबाई मात्र त्याच्याकडेच बघत होत्या. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "माणूस कमी आहे, एक बाजू तुम्ही धरा. लाकडं उचलायची सवय आहेच तुम्हाला."

त्यानं वाकून चुलीचे दोन पाय धरले. चूल अजून कोमट होती.