हॅरल्डला विचारल्याशिवाय

२००३ मध्ये आम्ही अमेरिकेत ॲन आर्बरला आलो तेव्हा शेजारच्या घरात लोर्ना व्हिटलॉक राहायची. सत्तरी ओलांडलेली, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. ती कविता लिहिते हे मला वर्षभराने कळलं, तेही लायब्ररीत तिचं पुस्तक हाती लागलं म्हणून. विचारलं तर म्हणाली, "लपवलं नव्हतं गं. बर्फ उपसताना हा विषय निघत नाही, एवढंच."

उत्तर मिशिगनमधल्या चेरीच्या बागायतदाराची ही मुलगी. पहिल्या कविता छापून आल्या त्या चाळिशीनंतर. मग लहान लहान संग्रह आले, आणि बालपणाच्या आठवणींचं एक पुस्तक. ते पुष्कळ नावाजलं गेलं. पण त्यात धाकट्या बहिणीच्या मोडलेल्या लग्नाबद्दल तिने बहिणीला न विचारता लिहिलं होतं. बहिणीने बोलणं टाकलं आणि त्या अबोल्यातच ती गेली. तेव्हापासून लोर्नाचा नियम होता. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ती पानं स्वतः वाचून दाखवायची, आणि तो नको म्हणाला तर काढून टाकायची. वाचताना तिसरं कुणीतरी समोर हवं. म्हणजे भांडण होत नाही, आणि वाचणाऱ्याला अवघड वाक्य गाळताही येत नाही.

२००६ च्या हिवाळ्यात ते तिसरं माणूस मी झाले.

नवं पुस्तक तिच्या संसाराचं होतं. प्रकाशक वाट पाहत होता. वाचून दाखवायचं एकच प्रकरण उरलं होतं. नवरा, हॅरल्ड, घर सोडून दुसऱ्या बाईकडे राहायला गेला त्या वर्षाचं. सगळं पुस्तक त्या प्रकरणावर उभं होतं. आणि हॅरल्डला स्मृतिभ्रंश झाला होता.

"त्याने हो म्हटलं तर ते हो धरायचं का?" लोर्नाने मला विचारलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. केदार म्हणाला, "यार, त्यांना आठवतच नाही तर प्रॉब्लेम काय? छापून मोकळं व्हायचं."

"तुझ्याबद्दल मी असं छापलं तर?"

केदारने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं लोर्नाच्या स्वयंपाकघरात बसलो. हॅरल्ड सूपमध्ये खारी बिस्किटं चुरत होता. लोर्ना वाचू लागली. गाडीच्या मागच्या सीटवर टाकलेले त्याचे शर्ट, बाबा कामाला गेलेत असं मुलांना सांगणं, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला चुकून त्याचंही ताट मांडणं. तिचा आवाज कुठेही कापला नाही. रेडिओवरची श्रुतिका ऐकावी तसा हॅरल्ड मन लावून ऐकत होता.

"परत आला का तो माणूस?" त्याने विचारलं.

"आला."

"आणि तिने घेतलं घरात?"

"घेतलं. बरीच धुसफूस करून."

"करणारच." त्याने चमच्याने सूप ढवळलं. "त्याला चालणार आहे का, हे असं सगळ्यांना सांगितलेलं?"

"त्याला आता त्यातलं काही आठवत नाही."

"मग तो नाही कसं म्हणणार?" हॅरल्ड म्हणाला, आणि माझ्याकडे वळून त्याने आणखी बिस्किटं मागितली.

लोर्नाने पानं गोळा केली. मी हळूच म्हटलं, "लोर्ना, त्यांनी नको तर म्हटलं नाही."

"हो असंही म्हटलं नाही."

तिने प्रकरण काढलं. प्रकाशकाने फोनवर पुष्कळ हुज्जत घातली, ती बधली नाही. पुढच्या वर्षी पुस्तक आलं. मी ते दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर ते अधू झालं होतं, आणि परीक्षणांतही तेच आलं. लोर्नाने ती कात्रणं मला स्वतः दाखवली. "बरोबर आहे त्यांचं," एवढंच म्हणाली.

लायब्ररीतल्या पुस्तकवाचनाच्या कार्यक्रमाला एका बाईने उठून विचारलं, "पुस्तकात मधलं एक वर्षच नाही. त्या वर्षी काय झालं?"

"त्या वर्षी मी कविता लिहायला लागले," लोर्ना म्हणाली.

बाईंचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्या उभ्याच राहिल्या. लोर्नाने पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, हॅरल्ड ऐकत होता.