खांद्यावरचा पाय

"टँक नव्हे, ओढगाडी," असं म्हणून आजोबा दोन बोटांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर टिचक्या मारायचे. कोणी विचारलेलं नसायचं. जपानमध्ये एदोगावा भागातल्या आमच्या स्टेशनखाली सायकली लावायची जागा आहे, तिथे अर्धवेळ काम करणारे हे ऐंशीच्या घरातले जपानी गृहस्थ. माझी सायकल रोज तिरकी लागायची आणि ते रोज ती सरळ करायचे. वर्षभर ओळख एवढीच.

एक दिवस त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "साठे-सान, उंची किती?"

"एकशे साठ."

"उत्तम!"

जन्मात माझ्या उंचीला कोणी उत्तम म्हटलं नव्हतं. पुण्यात मुली बघताना तर नाहीच नाही. मी विरघळलो आणि त्यांनी बोलावल्यावर रविवारी त्यांच्या घरी गेलो.

शेडमध्ये प्लायवूडचं एक खोकं उभं होतं. युद्धातल्या जपानी सैन्याची छोटी चिलखती गाडी, आतून कशी असायची ते खऱ्या मापात. आजोबा जन्मभर ड्राफ्ट्समन होते, माप चुकायची सोय नव्हती. पुढे ड्रायव्हर आणि शेजारी इंजिन, मागे जरा उंचावर बंदुकीपाशी कमांडर. संपली गाडी. मुळात दारूगोळा ओढून न्यायला बनवलेली, म्हणून पत्रा करंगळीएवढा जाड. पुढे तिलाच लढायला पाठवलं.

"आतून अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर होतं," ते म्हणाले. "इंजिनची धग लागू नये म्हणून. धगीचा विचार केला होता त्यांनी."

अस्तराच्या जागी त्यांनी जुना गालिचा ठोकला होता.

इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, तेव्हा कमांडर पायाने हुकूम द्यायचा. डाव्या खांद्यावर दाब म्हणजे डावीकडे, उजव्या म्हणजे उजवीकडे. आजोबांचे वडील चीनमध्ये असेच ड्रायव्हर होते. एकदा गोळ्या पत्र्यातून आरपार आल्या, गाडी पेटली, वडील बाहेर पडले आणि कमांडर आतच जळाला. "खांद्यावरचा पाय मेलेला होता," एवढंच ते आयुष्यभर सांगत राहिले. घरात त्यांच्या खांद्याला कोणी हात लावायचा नाही. त्यांच्या अंत्यविधीला त्या कमांडरची म्हातारी मुलगी आली होती. तिने आजोबांना विचारलं, "माणूस मेलाय हे पायावरून खरंच कळतं का हो?"

आजोबांना तेवढंच शोधायचं होतं. पुढे ते बसणार, मागे मी. मोबाइलवर इंजिनचा आवाज लावायचा, आणि हुकूम देता देता मी न सांगता पाय ढिला सोडायचा.

आता तुम्हीच सांगा, तुमच्याच्याने झालं असतं? वडीलधाऱ्या माणसाच्या खांद्यावर पाय! चुकून कोणाला पाय लागला तरी आपला हात त्याला लागतो आणि कपाळाकडे जातो, विचार करावा लागत नाही. मी पाय ठेवला तो अधांतरीच.

"वजन टाका, साठे-सान."

"टाकलंय."

"मेलेला माणूस एवढा भिडस्त नसतो."

चार रविवार असेच गेले. मी पाय ढिला सोडायचो, पण तो अर्धा धरलेलाच असायचा. त्यांना काही कळायचं नाही. ते पुढच्या हुकुमाची वाट बघत बसून राहायचे.

पाचव्या रविवारी मी मन घट्ट करून सगळं वजन टाकलं.

"कळलं," ते लगेच म्हणाले.

पुन्हा केलं. सहा वेळा केलं. सहाही वेळा "कळलं." मग ते म्हणाले, "पुरे," आणि चहा करायला गेले.

घरी येऊन मी बायकोला पुढ्यात बसवून सगळं करून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, पण आधी पाठीला हात का लावलात?"

"कुठे लावला?"

"आत्ता. पाठीला लावून कपाळाला नेलात, मग पाय टाकलात. पुन्हा करा बघू."

पुन्हा तेच. म्हणजे आजोबांना माझा पाय कळलाच नव्हता, हात कळला होता. माझ्या संस्कारांनी सगळा खेळ नासला होता.

दुसऱ्या दिवशी मी सांगायला गेलो तर ते क्योतोला गेले होते, कमांडरच्या त्या मुलीला भेटायला. परतल्यावर म्हणाले, "तिला सांगितलं, पायावरून कळतं. तिने माझे दोन्ही हात धरले." मी तोंड उघडलं. तोंडातून निघालं, "बरं झालं." मला वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. कुणीतरी भूल दिल्यासारखं सगळं बधिर होतं. मी सायकल लावली, त्यांनी ती सरळ केली.

हिवाळ्यात ते गेले. शेड रिकामी करायला त्यांच्या मुलाने मला हाताशी बोलावलं. खोक्यावर मोठ्या कचऱ्यात न्यायचं पालिकेचं स्टिकर लागलं होतं.

"बाबा तुमचं फार कौतुक करायचे," मुलगा म्हणाला. "म्हणायचे, साठे-सान पाय टाकण्याआधी दर वेळी माझ्या पाठीला हात लावतो. फार सभ्य माणूस."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून ते क्योतोला गेले होते.

पालिकेचा ट्रक आला. आम्ही दोघांनी खोकं उचललं. ट्रक निघून गेल्यावर माझ्या हातात गालिच्याचे दोन-चार धागे राहिले होते.