सिस्टरांनी न विचारलेलं आडनाव

शेजारी राहूनही चार वर्षं मला सिस्टरांचं आडनाव माहीत नव्हतं. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या सिस्टर जुळे सोलापुरात एकट्या राहत आणि वरची खोली भाड्याने देत. खोली बघायला कुणी आलं की त्यांचा एकच प्रश्न, "पाणी किती लागतं तुमाला? आमच्यात चार दिसाआड येतंय." समोरच्याने आपणहून आडनाव सांगायला घेतलं तरी मध्येच तोडत. "ऱ्हाऊ द्या की. आडनावाला काय तहान लागती व्हय?"

त्याचं कारण त्यांनी मला एकदा ज्वारी निवडताना सांगितलं. नवी नोकरी लागली तेव्हा खोलीसाठी त्या शहरभर हिंडल्या होत्या. खोली रिकामी असे, चहाही मिळे. पण आडनाव कळलं की मालकाला आठवे, पुतण्या राहायला येणार आहे. "लई पुतणे हायत बाई सोलापुरात," म्हणून त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

काबूलची फरीदा नवरा आणि लहान मुलीला घेऊन खोली शोधत आली, ती आधी माझ्या दारात. शिकायला आलेलं जोडपं. मागे देशात सरकार उलथलं आणि परतीची वाट बंद झाली. माझी वरची खोली रिकामी होती. मी म्हणाले, मुलगा पुण्याहून येणार आहे. ती शेजारच्या दाराशी गेली. सिस्टरांनी पाण्याचं विचारलं आणि किल्ली हातात ठेवली.

पण घोटाळा त्यांच्याकडूनच झाला. परदेशी माणूस घरात ठेवला की चोवीस तासांत पोलिसांना फॉर्म भरून कळवावं लागतं, हे सिस्टरांच्या गावीही नव्हतं. तीन आठवड्यांनी हवालदार आला. गुन्हा होईल, खोलीही सोडावी लागेल, हे ऐकून फरीदा मुलीला घेऊन जिन्यातच बसली. "माजा गाढवपणा," सिस्टर मला म्हणाल्या. "जपाय गेले आन् पोरीलाच उघड्यावर आणलं."

दुसऱ्या दिवशी मी दोघींसोबत पोलीस कचेरीत गेले. सिस्टरांनी साहेबांना सरळ सांगितलं, "चूक माजी हाय, शिक्षा मला करा. तिला घराभायेर काडू नका." साहेबांनी फरीदाचं निर्वासित म्हणून मिळालेलं कार्ड बराच वेळ पाहिलं, सिस्टरांना समज दिली आणि फॉर्म पुढे सरकवला. मी लिहायला बसले. आडनावाच्या रकान्याशी अडले. सिस्टरांनी खाली बघत विचारलं, "बेटी, आडनाव क्या तेरा?"

"नहीं है, सिस्टर. हमारे यहाँ बहुतों का नहीं होता. सिर्फ फरीदा."

सिस्टर बघतच राहिल्या. मग साहेबांसमोरच तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "मला आडनाव हुतं म्हणून खोली मिळंना, आन् हिला न्हाय तरी मिळंना!"

पुढचा रकाना घरमालकाचा होता. त्यांचं आडनाव मला तेव्हा कळलं.

दोन वर्षांनी फरीदाला कॅनडात आसरा मिळाला. सिस्टर मागच्या हिवाळ्यात वारल्या. मला त्यांच्या माघारी फार एकटं वाटतं.

गेल्या महिन्यात फरीदाच्या ओळखीने एक सुदानी जोडपं माझ्या दारात आलं. मुलगा येणार आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "पानी कितना लगता है?"

फॉर्म मात्र त्याच दिवशी भरला.