भविष्याची सोय असलेली सायकल

आदिलाबादेत रोड बाइक घ्यायची म्हटलं की सायकल शेवटी येते, आधी सल्ले येतात. रविवारी सायकली काढणाऱ्या आमच्या टोळीत चौघे होते. दुकानात बसून बसून पोटं सुटलेली, पण फ्रेम कार्बनची की ॲल्युमिनियमची यावरून हमरीतुमरीवर यायचे. ऐंशी किलोमीटरवरचं निर्मल गाव गाठायचं हे टोळीचं ध्येय. गावाबाहेरच्या चहाच्या टपरीपुढे मात्र आजवर कुणी गेलेलं नव्हतं. मला त्यांनी एकच मंत्र दिला: फ्रेम चांगली घे, बाकीचं हळूहळू बदलता येतं.

मी तशी घेतली. दिवाळीला नवे पेडल, पुढल्या वर्षी हलकी चाकं, मग गिअर, असं सगळं ठरवूनही टाकलं. पोरीच्या लग्नाचा विचार मी एवढ्या बारकाईनं केला नव्हता. मागच्या चाकाजवळ फ्रेमला स्क्रूची भोकं होती. टोळीतला जाणकार म्हणाला, "असू द्या, पुढेमागे कामी येतील."

घरात तेव्हा वेगळीच लढाई चालू होती. बाबा मळ्यातली भाजी मोपेडवरून बाजारात नेत. दोनदा पडले, तेव्हा मी मोपेडची चावी माझ्या दुकानाच्या गल्ल्यात टाकली. भाजी ऑटोनं जायला लागली आणि बाबा घरी राहिले. जन्मभर बाजारात बसलेला माणूस ओट्यावरून रस्ता बघत बसायचा आणि माझ्याशी बोलायचा नाही. मला फार वाईट वाटायचं, पण चावी काही मी दिली नाही.

नव्या गाडीची पहिली फेरी घरातल्या मोठ्यानं मारायची, ही आमच्या घरची रीत. मोठा उदारपणा केल्यासारखा मी सायकल बाबांपुढे धरली. खाली वळलेलं हँडल त्यांनी निरखून पाहिलं.

"हे काऊन मान खाली घालून राह्यलं?"

मग वाकून अंगणात एक चक्कर मारली, मागच्या भोकांवरून बोट फिरवलं आणि सायकल परत दिली. रीत पार पडली, सुटलो, असं मला वाटलं.

आठवड्याभरानं दुकानातून जेवायला घरी आलो, तर माझ्या सायकलचं हँडल उलटं होऊन बैलाच्या शिंगांसारखं वर आलेलं. स्टँड, मडगार्ड, घंटी, सगळं लागलेलं. आणि भविष्यासाठी राखलेल्या त्या भोकांत लोखंडी कॅरिअर घट्ट कसलेलं, वर सुतळीनं बांधलेल्या मेथीच्या जुड्या. एवढा अपग्रेड आमच्या टोळीत कुणाच्या बापानं केला नसेल.

माझा आवाज चढला. "बाबा, हे काय केलं? मले निर्मलले जायचं होतं हिच्यावर!"

"तुमच्यातला एक तरी पोचला का निर्मलले?"

"अन् तुमी पडले म्हंजे?"

बाबांनी पायानं स्टँड वर केला आणि सीटवर बसले. कितीतरी दिवसांनी ते हसले.

"मोपेडची चाबी तू घेतली," ते म्हणाले. "हिले चाबीच नाई."