बिनखात्याच्या मॅडम

"दार लावते, मग बोलते," असं म्हणून त्या उठायच्या. स्टाफरूमचं दार लोटून घ्यायच्या, खांद्यावरचा पदर सारखा करायच्या आणि मग प्राचार्यांना तोंडावर सांगायच्या, "सर, हे चुकतंय." दार उघडं असताना त्यांनी कुणाविरुद्ध ब्र काढल्याचं मला आठवत नाही.

भूमच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. त्या राज्यशास्त्र शिकवायच्या. शिकवता शिकवता आपल्या विषयासारखाच वागायला लागलेला एखादा शिक्षक तुम्हीही पाहिला असेल. आमच्या मॅडम तशा होत्या.

दरवर्षी बारावीच्या वर्गात त्या केंद्रीय मंत्रिमंडळ बसवायच्या. पोरं आधी खासदार व्हायची. ज्या गटाचं बहुमत, त्याच्या नेत्याला राष्ट्रपती बोलावणार. तो पंतप्रधान. मग त्यानं मंत्र्यांची नावं द्यायची, खाती वाटायची आणि राष्ट्रपतीनं शपथ द्यायची. राष्ट्रपती नेहमी मॅडमच. एका वर्षी कृषी खातं मिळालेला पोरगा रुसून बसला.

"मॅडम, घरी तेच करतो की. मला परराष्ट्र द्या."

"पंतप्रधानांना माग. खाती कुणाला द्यायची ते त्यांनी ठरवायचं. मी फक्त सही करते."

गोपनीयतेची शपथ मात्र त्या कुणाला चुकवू द्यायच्या नाहीत. "आत पाहिजे तेवढं भांडा. बाहेर आलात की निर्णय सगळ्यांचा. पटतच नसेल तर राजीनामा. तिसरा रस्ता न्हाय."

दिल्लीत नवं सरकार शपथ घेत होतं तेव्हा आम्ही दोघं स्टाफरूममध्ये मोबाइलवर बघत होतो. मी शपथ घेणाऱ्यांची नावं ओळखत होतो. त्या म्हणाल्या, "समोर बसलेल्यांकडं बघा, सर. ज्यांना सकाळी मंत्रिपदाचा फोन आला न्हाय, ते पण टाळ्या वाजवतायत."

मॅडम एकट्याच राहायच्या. लग्न झालेलं नव्हतं. त्यावर त्या बोलल्या नाहीत, आम्ही विचारलं नाही. अणदूरला भाऊ होता. एका ईदच्या संध्याकाळी त्या मला भूमच्या स्टँडवर दिसल्या. नवी साडी, हातात शीरखुर्म्याचा डबा.

"आजच परत?" मी विचारलं.

"भावाच्या घरी लई पाहुणे आले. झोपायला जागा पुरंना." डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "घेऊन जा. घरी खाणारं कोण आहे?"

कोण नव्हतं असंही नाही. मॅडमच्या भाड्याच्या खोलीमागं एक शेळ्यांचा व्यापारी राहायचा. त्याची दहावीतली मुलगी रोज संध्याकाळी मॅडमकडं अभ्यासाला यायची, तिथंच जेवायची. अकरावीला मॅडमच्याच वर्गात बसायचं, हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं.

तिची दहावी झाली त्याच उन्हाळ्यात राज्यशास्त्र बंद करायचं ठरलं. पोरं सायन्सला पळतात, विषयाला संख्या मिळत नाही, असं प्राचार्यांचं म्हणणं. मॅडमनी दार लावलं आणि पोटतिडकीनं बोलल्या. त्यांच्या बाजूनं मी एकटाच होतो. निर्णय झाला.

प्रवेशाच्या वेळी तो व्यापारी मुलीला घेऊन आला.

"मॅडम, पोरगी तुमच्या इषयापायी इथं येती म्हणती, आन् तुमीच बंद केला म्हणं?"

"आमचा सगळ्यांचा निर्णय आहे, भाऊ."

"तुमी न्हाय म्हणला न्हाय व्हय?"

"सगळ्यांचा निर्णय आहे."

मुलगी त्यांच्याकडं बघत राहिली. मग बापाच्या आधीच व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेली. त्या दिवसापासून तिचं मॅडमच्या खोलीवर येणं बंद झालं.

"निदान तिला तरी खरं सांगा," मी म्हणालो.

"काय सांगू? आत मी हरले म्हणून? मग उद्या प्रत्येक जण बाहेर येऊन आपलं आपलं वेगळं सांगंल."

जुनी बॅच बारावी होऊन गेली आणि मॅडमना तास उरले नाहीत. प्राचार्यांनी कामावर ठेवलं. कुणी रजेवर असलं की त्याच्या वर्गावर जाऊन बसायचं, एवढंच काम. "बिनखात्याची मंत्री झाले, सर. घटनेत चालतं," म्हणून त्या हसल्या. घंटा झाली की आम्ही सगळे आपापल्या वर्गावर जायचो. परत यावं तर त्या तिथंच, त्याच खुर्चीत. समोरच्या चहावर साय धरलेली.

ते वर्ष संपताना कला शाखाच बंद करायचा विषय निघाला. मॅडमनी दार लावलं. या वेळी फार बोलल्या नाहीत.

"आर्ट्ससाठी रोज एसटीनं बार्शीला पोरगी पाठवणारे बाप या गावात किती आहेत, तेवढं सांगा."

निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी राजीनामा दिला.

"विषय गेला तेव्हा दिला नाही, मग आताच का?" मी विचारलं.

"तेव्हा माझं एकटीचं नुकसान होतं. त्याला गप्प बसता येतं. आता पोरी घरी बसणार. बाहेर जाऊन हे 'आमचा निर्णय' म्हणून मला सांगता यायचं न्हाय."

"राजीनामा दिलेल्या मंत्र्याला निवेदन करता येतं. तुम्हीच शिकवता. सांगा गावाला."

"निवेदनाला सभागृह लागतं, सर. माझं कोण बसलंय ऐकायला?"

निरोप समारंभ त्यांनी नको म्हणून सांगितलं. मी स्टँडवर सोडायला गेलो. दोन पिशव्या आणि एक पत्र्याची पेटी, एवढंच सामान. पलीकडच्या बाकाजवळ शेळ्यांच्या व्यापाऱ्याची मुलगी मैत्रिणींबरोबर उभी होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मॅडम तिच्याकडं बघत म्हणाल्या, "उंच झाली की पोरगी."

धाराशिवची गाडी लागली. मी पेटी आत चढवली. मॅडमना खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी फाटकातून वळेपर्यंत त्या तिच्याकडंच बघत होत्या. ती मैत्रिणींशी बोलत पाठमोरी उभी होती. गाडी गेल्यावर मी तिच्या जवळून घरी आलो. दार लावून मॅडम काय बोलल्या होत्या, ते तिला सांगितलं नाही.