मित्राचे निळे स्फटिक

"दीदी नहीं रहीं," तिचा धाकटा भाऊ फोनवर एवढंच बोलू शकला. संघमित्रा, पीएच.डी.च्या काळातली माझी मैत्रीण, आम्हा सगळ्यांची मित्रा, हृदयविकाराने गेली... त्याला आता महिना होत आला. पण तिच्यावर लिहायला बसले की रडू यायच्या आधी तिची हाकच ऐकू येते, "शुभे, लवकर ये वं!"

रायपूरच्या विद्यापीठात, रसायनशास्त्र विभागात आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. मित्राने तांब्याचं एक नवं संयुग बनवलं होतं. त्याची रचना सिद्ध करायला एक तरी धड स्फटिक हवा होता, आणि मे महिन्याच्या त्या उन्हात द्रावणातला द्रव भराभर उडून जाई, तळाशी उरे नुसती पूड. शेवटी आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "विषय बदल." ती "हव सर" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी चक्क माठ घेऊन आली! "फ्रिज भलताच थंड पडते, मले बेताचा गारवा पाहिजे," म्हणत तिने कुप्या माठात ठेवल्या. त्याच्यावरचं फडकं ओलं ठेवायला आम्ही पाळ्या लावल्या.

एका सकाळी ती हाक आली. मी धावले. कुपीच्या काचेला निळेभोर, धारदार कडांचे स्फटिक चिकटलेले! "हात नोको लावू पोट्टे, नुसती पाह्य!"... आम्ही श्वासही जपून घेत होतो.

क्ष-किरण तपासणीसाठी ते बाहेरगावी पाठवले. रेणूत तांब्याचे दोन अणू असणार, अशी तिची पैज होती. निघाले चार, एखाद्या इवल्याशा घनाच्या एकाआड एक कोपऱ्यांवर बसल्यासारखे! तिचा अंदाज साफ चुकला होता. माझा चेहरा पडला, तर ही टाळ्या पिटत होती. "काहून तोंड पाडून राहिली? मी चुकली, पण हे तर लयच भारी आहे!" मग सरांना चालू तासातून ओढत आणलं. सरांनी अहवालातल्या आकृतीतले चारही अणू बोटाने मोजले आणि ते म्हणाले, "विषय बदलू नकोस."

पुढे ती कॉलेजात शिकवू लागली. गेल्या आठवड्यात मी तिथे गेले. तिच्या हाताखाली संशोधन करणारी विद्यार्थिनी पूर्णिमा प्रयोगशाळेच्या दारातच उभी होती. "मैम, मेरा काम अब कौन देखेगा?"

"मी बघेन. आजपासूनच."

खुंटीवर मित्राचा अ‍ॅप्रन तसाच होता. मला तो फार मोठा. मी बाह्या दुमडल्या, पूर्णिमाने बर्नर पेटवला, आणि आम्ही कामाला लागलो.