शिंकेसाहेब

आमच्या मसाल्याच्या कारखान्यात साहेब आल्याची वर्दी शिपाई देत नसे, साहेबांची शिंक देई. फाटकाच्या आत पाऊल पडलं की शिंकांची माळ लागायची आणि मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका पदरात तोंड लपवून साहेब आल्याचं एकमेकींना सांगायच्या, "साहेब उनात वं माय!" नाव त्यांचं दुसरंच होतं, पण आम्ही सारे मागून शिंकेसाहेबच म्हणायचो.

कारखाना डबघाईला आला तेव्हा मुंबईच्या एका गुंतवणूक कंपनीने तो विकत घेतला आणि सावरायला यांना नंदुरबारला धाडलं. आता आपल्यावर कात्री चालणार, म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलेलो. पहिल्याच दिवशी साहेबांनी मूठभर मिरच्या कुस्करून पाहिल्या आणि त्याच हाताने डोळे चोळले. नाचले बिचारे! देठ खुडणाऱ्या कमळामावशींनी आपल्या डब्यातलं ताक त्यांच्या हातांवर ओतलं. "डोयाले हात लावू नका, साहेब!" तेव्हापासून साहेब दुपारी बायकांच्या पंगतीतच जेवू लागले.

मावशींना एकच घोर होता. "कारखाना दुसरीकडे लई जाशात का?" तो इथेच राहणार, असं साहेब मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगायचे, "आठेच ऱ्हाई. मन्हा शब्द शे."

त्यांनी तिखटात रंग घालणं बंद केलं, जुनं लाल पुडकं परत आणलं. खांडबाऱ्याच्या बाजारात स्वतः गाडीपाशी उभे राहून, शिंकत शिंकत तिखट विकलं. विकणाराच शिंकतोय म्हणजे माल अस्सल, असं म्हणत लोक दोन पुडकी जास्तच नेत.

धंदा सावरला. आणि सावरला म्हणूनच मुंबईवाल्यांनी तो एका मोठ्या कंपनीला विकून टाकला. तिला आमच्या तिखटाचं नाव हवं होतं, आम्ही नको होतो. दळण आता गुजरातेत होणार होतं. साहेब मुंबईला जाऊन भांडून आले, पण कुणी ऐकलं नाही. मला त्यांचा फार राग आला होता, खोटं कशाला बोलू?

यंत्रं गेली, पथारी झाडून झाली. शेवटच्या दिवशी आम्ही रिकाम्या शेडमध्ये बसलो होतो. साहेब कधी आले, कुणाला कळलंच नाही. मान खाली घालून म्हणाले, "शब्द पाळता आला नाही, मावशी."

माझा राग तिथेच गळून गेला. मावशी उठून त्यांच्याजवळ गेल्या. "आज तुम्हले शिंक नही उनी, साहेब."

साहेबांनी हाताने डोळे पुसले. या वेळी मावशींनी त्यांना अडवलं नाही.